बी, अर्क आणि कसोटी : मावळातील बियांच्या औषधी गुणांची परीक्षा

बियांच्या अर्काची औषधी परीक्षा म्हणजे बीमधील द्रव्ये पाणी, अल्कोहोल किंवा अशाच एखाद्या द्रावकात उतरवून घेणे आणि जंतू, पेशी, एन्झाइम, प्राणी व शेवटी माणूस यांच्यावर त्यांचा काय परिणाम होतो ते मोजून पाहणे. झाडाच्या मुळापासून फुलापर्यंत कोणत्याही भागाची अशी परीक्षा होते, पण बीचे रसायन वेगळे असते. बीमध्ये पुढच्या रोपाची शिदोरी असते. पिष्ट, प्रथिने आणि तेल यांचा हा साठा उंदीर, भुंगे, अळ्या व बुरशी यांना हवाच असतो. बीला पळता येत नाही, काटा उगारता येत नाही. म्हणून ती आपल्या साठ्याचे रक्षण रसायनांनी करते. अल्कलॉइड, टॅनिन, पचन बिघडवणारी प्रथिने, कडू तेले ही सगळी त्या रक्षणाची साधने. माणूस ज्याला औषधी गुण म्हणतो तो बहुतेक वेळा बीच्या या बचावाचाच उपयोग असतो. बीच्या बाबतीत औषध आणि विष एकमेकांच्या इतके जवळ का असतात, याचे कारणही हेच.

मावळात ‘बी’ म्हटले की पहिल्यांदा भाताचे बियाणे आठवते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी भात या तालुक्याची ओळख बनला आहे. येथे विचार करायचा आहे तो मात्र न पेरता उगवणाऱ्या बियांचा. कुड्याचे इंद्रजव, पळसाची पळसपापडी, करंजाची बी, जांभळाची आठळी, खाजकुयलीचे चकचकीत दाणे, गुंज आणि बिब्बा या त्या बिया. आयुर्वेदात व घरगुती उपचारांत त्यांना जुने स्थान आहे. सह्याद्रीच्या उतारावर त्या आपोआप मिळतात आणि आजच्या प्रयोगशाळांतही त्या पुन्हा पुन्हा तपासल्या जातात.

मावळ तालुका या अभ्यासाला सोयीचा का, हे त्याच्या भूगोलावरून कळते. पश्चिमेला लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला वडगाव-तळेगावकडे येताना तीसएक किलोमीटरच्या अंतरात तो झपाट्याने कमी होतो. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांत त्यामुळे सदाहरित झाडीचे तुकडे, पानगळीचे रान आणि कोरडे माळ एकमेकांच्या जवळ सापडतात. एकाच जातीचे झाड धुक्याच्या घाटमाथ्यावरही भेटते आणि पूर्वेच्या उन्हातल्या बांधावरही. माती, पाऊस आणि ऊन बदलले की बीमधील द्रव्यांचे प्रमाणही बदलू शकते. म्हणून ‘मावळातील करंज’ एवढी नोंद अपुरी ठरते. बी खंडाळ्याची की तळेगावची, हे लिहावेच लागते.

या परिसराच्या वनस्पतींची यादी नव्याने करावी लागत नाही, हेही अभ्यासकाचे भाग्य. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे पायी धुंडाळून तेथील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सांतापाव यांनी त्याच संस्थेची धुरा सांभाळली. संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात १९५५ पासून आहे. पुण्यातच शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तीच आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे देवाच्या नावाने राखलेले रान हा वनस्पतींचा जिवंत साठा आहे, हे शास्त्राच्या भाषेत मांडले गेले. घाटमाथ्यावर सकाळी तोडलेली फांदी दुपारी पुण्याच्या वनस्पतिसंग्रहालयात ओळख पटवण्यासाठी ठेवता येते. अशी सोय फार थोड्या डोंगराळ तालुक्यांना आहे.

परंपरेने सांगितलेली गोष्ट यंत्राने मोजून पाहण्याची रीतही या भागाला नवी नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने व क्रिया यांचे शरीरावर होणारे परिणाम क्ष-किरण व दाबमापक यांच्या मदतीने तपासायला घेतले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात ही निरीक्षणे छापली जाऊ लागली. विषय योगाचा होता, पण पवित्रा तोच होता, जो बियांच्या परीक्षेत हवा. परंपरेचा मान राखायचा आणि तिचे म्हणणे मोजूनही पाहायचे, असा तो पवित्रा.

परीक्षेची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, झाडाखाली होते, आणि बहुतेक चुका तेथेच होतात. इंद्रजवाचे उदाहरण बोलके आहे. पांढऱ्या कुड्याच्या, म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसन्सच्या, शेंगा पेन्सिलीसारख्या बारीक व लांब असतात आणि जोडीजोडीने लोंबतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्या तडकतात आणि रेशमी केसांचा झुपका असलेल्या बिया वाऱ्यावर जातात. या बिया म्हणजे कडू इंद्रजव. अतिसार व आवेवरचे औषध. त्याच रानात काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, उभा असतो. त्याच्याही शेंगा जोडीने येतात, त्याच्याही बियांना झुपका असतो आणि बाजारात त्या ‘गोडे इंद्रजव’ म्हणून मिळतात. झाडावर पाहिले तर फरक सोपा आहे. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटून कमान करतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या राहतात. पोत्यात भरलेल्या बियांत ही खूण उरत नाही. जिभेवर ठेवल्यावर कडूपणा कळतो, पण प्रयोगशाळेच्या नोंदीत जिभेचा पुरावा चालत नाही. बाजारातून आणलेल्या इंद्रजवाचा अर्क काढून ‘आवेवर गुण नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने कदाचित दुसऱ्याच झाडाची परीक्षा केलेली असते.

म्हणून ज्या झाडाची बी घेतली त्याचीच पानाफुलांसह, जमल्यास शेंगेसह, फांदी दाबून वाळवतात. तिच्यावर गाव, तारीख, उंची आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात आणि ती संग्रहालयात क्रमांकासह ठेवतात. पन्नास वर्षांनी कोणी शंका घेतली तरी ती फांदी साक्ष देते. कितीही महागडे यंत्र पुढे वापरले तरी या एका कागदाची उणीव ते भरून काढू शकत नाही.

दुसरी चूक ऋतूची. खाजकुयली, गुंज, बिब्बा आणि इंद्रजव थंडीच्या दिवसांत तयार होतात, करंज उन्हाळ्यात. त्या वाळवणे सोपे जाते. जांभळाचे तसे नाही. घाटाच्या कडेला टोपल्यांतून जांभळे विकायला येतात तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि मावळात जूनमध्ये उघड्यावर काही वाळवता येत नाही. गर चिकटलेली आठळी दमट हवेत दोन-तीन दिवस पडली की तिच्यावर बुरशी धरते. काही बुरशी स्वतःच विषारी द्रव्ये तयार करतात आणि ती अर्कात उतरतात. मग त्या अर्काने पेशी मेल्या तर त्या जांभळाने मेल्या की बुरशीने, हे सांगता येत नाही. आठळ्या लगेच धुवून, साल काढून, सावलीत वाऱ्याखाली किंवा चाळीस अंशांच्या आतल्या उबेत वाळवणे आणि वाळल्यावर ओलाव्याचे प्रमाण मोजून ठेवणे हा त्यावर उपाय आहे. काम साधे आहे, पण पुढची सारी इमारत त्यावर उभी राहते.

वाळलेली बी भरड दळली की अर्क काढण्याचे काम सुरू होते. येथे तेल आडवे येते. करंजासारख्या तेलबीचे चूर्ण थेट पाण्यात किंवा अल्कोहोलात टाकले तर तेलाच्या आवरणामुळे आतली द्रव्ये नीट सुटत नाहीत. म्हणून आधी पेट्रोलियम ईथरसारख्या द्रावकाने तेल वेगळे करतात. यासाठी सॉक्सलेट नावाचे काचेचे उपकरण वापरतात. फ्रान्त्स फॉन सॉक्सलेट यांनी ते १८७९ मध्ये दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठी सुचवले होते. खालच्या चंबूत द्रावक उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंबाथेंबाने कागदी नळीतल्या चूर्णावर पडते. भांडे काठोकाठ भरत आले की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळा द्रव एकदम खाली उतरतो, आणि पुन्हा थेंब पडू लागतात. पहिल्या फेऱ्यांत उतरणारा द्रव गडद पिवळा असतो, मग फिका होत जातो, आणि नळीतून स्वच्छ द्रव उतरू लागला की बीने देण्यासारखे सारे दिले असे समजतात.

द्रावक कोणता घ्यायचा, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. वैद्याने काढा सांगितला असेल आणि प्रयोगशाळेने मेथॅनॉलचा अर्क तपासला, तर दोघांनी वेगवेगळ्या वस्तूंची गोष्ट केली असे होते. मेथॅनॉल पुष्कळ द्रव्ये चांगली उतरवतो म्हणून संशोधनात तो लोकप्रिय आहे, पण माणसाला तो विषारी आहे. तो पूर्ण उडवून लावल्याची खात्री करावी लागते. परंपरेचा दावा तपासायचा असेल तर परंपरेच्या रीतीने केलेला काढा, चूर्ण किंवा तेलपाक यांची परीक्षा आधी व्हायला हवी. आधुनिक द्रावकांचे अर्क त्यानंतर. अनेक प्रबंधांत हा क्रम उलटा असतो, आणि त्यामुळे त्यांचे निकाल वैद्याच्याही उपयोगाचे राहत नाहीत.

काही द्रव्ये तर अर्क काढता काढताच बिघडतात. खाजकुयलीच्या बीत कंपवातावर उपयोगी पडणारा लेव्होडोपा असतो. चूर्ण साध्या पाण्यात भिजवून ठेवले तर हवेतील ऑक्सिजनने तो बदलतो आणि पांढुरके पाणी हळूहळू तपकिरी, मग काळपट होते. तो काळा रंग म्हणजे गेलेले औषध. पाणी किंचित आम्ल ठेवले, भांडे थंड व झाकलेले ठेवले तर लेव्होडोपा टिकतो. इतक्या लहान गोष्टीने दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात.

अर्क हाती आल्यावर त्यात काय आहे हे पाहायचे. ड्रॅगेनडॉर्फच्या अभिक्रियाकाने नारिंगी साका बसला तर अल्कलॉइड असण्याची शक्यता, फेरिक क्लोराइडने गडद निळा-हिरवा रंग आला तर टॅनिन किंवा तत्सम फिनॉल, हलवल्यावर टिकणारा फेस आला तर सॅपोनिन. महाविद्यालयीन प्रकल्प येथेच संपतात, पण ही केवळ दारावरची विचारपूस आहे. खरी ओळख पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफीच्या पट्ट्यांनी आणि पुढे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केल्याने पटते. या कामाचा एक जुना आणि अभिमानाचा धागा पुण्याशी जोडलेला आहे. रसायनशास्त्रज्ञ द. बा. लिमये यांनी १९२० च्या दशकात करंजाच्या तेलातून करंजिन नावाचे स्फटिकी द्रव्य वेगळे केले आणि पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या रचनेवर काम केले. ‘रसायनम्’ या नियतकालिकातून हे संशोधन पुढे आले. खरजेवर चोळण्याच्या आणि दिव्यात जाळण्याच्या कडू तेलातून एक निश्चित नाव आणि निश्चित रचना असलेला पदार्थ हाती येणे, म्हणजे काय याची कल्पना करून पाहावी. त्यानंतर कोणत्याही करंज तेलाची प्रत ‘चांगली’ किंवा ‘बरी’ अशा शब्दांत सांगण्याची गरज उरत नाही, त्यात करंजिन किती हे सांगता येते. कुड्याच्या बाबतीत असे काम त्याही आधी मुंबईत झाले होते. हेन्स यांनी कुड्याच्या सालीतील अल्कलॉइडची नोंद १८५८ मध्ये केली. पुढे कोनेसिन या नावाने तो ओळखला गेला आणि आवेवर वापरून पाहिला गेला.

आता गुणाची परीक्षा. सर्वांत जास्त केली जाणारी चाचणी जंतूंवरची आहे. आगरच्या ताटलीवर जंतू पसरतात, त्यात खड्डा करून अर्क भरतात आणि दुसऱ्या दिवशी खड्ड्याभोवती जंतू न वाढलेले गोल वर्तुळ किती मिलिमीटरचे आहे ते मोजतात. शेजारच्या खड्ड्यात नुसता द्रावक आणि दुसऱ्यात ओळखीचे प्रतिजैविक ठेवणे सक्तीचे, कारण द्रावकानेच जंतू मरत असतील तर अर्काची परीक्षा झालीच नाही. वर्तुळ दिसायला आकर्षक असते आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसते. पण अर्क आगरमध्ये किती सहज पसरतो यावरही त्याचा आकार ठरतो. म्हणून जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा काढावी लागते.

ही मात्रा हाती आल्यावर एक साधे गणित प्रत्येकाने करावे. समजा, एखाद्या अर्काची ती मात्रा दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम आली. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात ती मात्रा राहायची तर पाच ग्रॅम अर्क, तोही सगळाच्या सगळा, रक्तात पोचला पाहिजे. शंभर ग्रॅम बीपासून आठ ग्रॅम अर्क निघत असेल तर त्यासाठी साठ ग्रॅमहून अधिक बी एका वेळी पोटात जायला हवी आणि पचनात व यकृतात काहीच वाया जाता कामा नये. असे घडत नाही. त्या अर्काचा त्वचेवर लावण्यासाठी कदाचित विचार करता येईल, पोटात घेण्यासाठी नाही. हे गणित न करता ‘जंतुनाशक गुण सिद्ध’ असे लिहिणे वाचकाची दिशाभूल करणारे आहे.

ऑक्सिडीकरण रोखण्याच्या चाचणीचेही असेच होते. डीपीपीएच या द्रव्याचे जांभळे द्रावण अर्क घातल्यावर पिवळे पडते आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाश मोजून टक्केवारी काढतात. तुरट चवीच्या जवळजवळ कोणत्याही बीचा अर्क हे करतो, चहाही करतो. जांभळाच्या आठळीवर मधुमेहासाठी होणारी एन्झाइमची चाचणी अधिक अर्थपूर्ण आहे. पिष्टाची साखर करणारी एन्झाइमे अर्काने मंदावतात का, हे तीत पाहतात. पण आठळीत टॅनिन भरपूर आणि टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटते. एन्झाइमही प्रथिनच. त्यामुळे परीक्षानळीत एन्झाइम थांबले ते जांभळाच्या विशेष गुणाने की टॅनिनच्या सर्वसाधारण सवयीने, हे ठरवायचे तर टॅनिन काढून टाकून तीच चाचणी पुन्हा घ्यावी लागते. ही दुसरी चाचणी केलेली दिसली की त्या अभ्यासकावर विश्वास ठेवावा.

पळसपापडीचा मान जंतावरील औषध म्हणून आहे. पळसाच्या चपट्या, तांबूस, पातळ बियांना हे नाव शोभते. त्यांच्यातून पॅलासोनिन हे द्रव्य १९६० च्या दशकात वेगळे करण्यात आले आणि जंतांवर त्याचा परिणामही पाहण्यात आला. प्रयोगशाळेत मात्र पुष्कळदा गांडुळे अर्कात सोडून ती निश्चल व्हायला किती मिनिटे लागली ते मोजतात, शेजारी अल्बेंडाझोल किंवा पायपेराझिन ठेवतात. गांडूळ मिळायला सोपे असले तरी ते मातीत राहते, आतड्यात नाही. ही चाचणी प्राथमिक चाळणी म्हणून ठीक आहे. तिच्यावरून डोस ठरवणे चूक.

विषारीपणाची परीक्षा गुणाच्या परीक्षेनंतरची मानली जाते, पण बियांच्या बाबतीत ती आधी हवी. गुंजेचा दाणा लाल, काळ्या डोळ्याचा, इतका सुबक आणि वजनाला इतका सारखा की सोनार ९६ गुंजांचा तोळा धरत. त्याच दाण्यात अब्रिन हे प्रथिन असते. ते पेशीतील प्रथिने बनवणारी यंत्रणाच बंद पाडते. अखंड दाणा गिळला गेला तर कठीण सालीमुळे तो तसाच बाहेर पडू शकतो. चावला गेला, भोक पाडलेला असला किंवा कुटलेला असला तर जीव जाऊ शकतो. उष्णतेने अब्रिन निष्प्रभ होते, म्हणून गुंज दुधात किंवा कांजीत शिजवून शुद्ध करण्याच्या आयुर्वेदीय विधीला रसायनशास्त्राचा आधार मिळतो. बिब्ब्याचेही तसेच. वरच्या कवचातील काळ्या तेलाने कातडीला फोड येतात, धोबी त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करीत, आणि आतली गोडंबी मात्र पौष्टिक म्हणून खाल्ली जाते. बिब्बा विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून शुद्ध करतात, कारण चुरा तेल शोषून घेतो. शोधनाच्या आधी आणि नंतर त्याच बीची परीक्षा घेऊन किती विष उतरले हे मोजणे, हा मावळातील अभ्यासकांसाठी अजूनही मोलाचा विषय आहे.

प्राण्यांवरील तीव्र विषबाधेची चाचणी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीप्रमाणे ठरावीक पायऱ्यांनी होते. एका पायरीला तीन उंदीर, चढत्या मात्रा, चौदा दिवसांचे निरीक्षण. भारतात त्यासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. प्राण्यावरचा डोस माणसाला तसाच लागू करता येत नाही. मोठ्या उंदराला शरीराच्या दर किलोला ४०० मिलिग्रॅम दिला असेल तर माणसासाठी त्याला साधारण सहाने भागतात. साठ किलोच्या माणसाला तरीही चार ग्रॅमच्या आसपास अर्क रोज घ्यावा लागेल. इतका कोणी घेईल का, हा प्रश्न प्रयोग आखतानाच विचारायला हवा.

या सगळ्या पायऱ्या चढून माणसापर्यंत पोचलेली मावळच्या रानातली बी म्हणजे खाजकुयली. तिच्या शेंगेवरच्या सोनेरी-तपकिरी लवेचा स्पर्श ज्याला झाला तो तिला आयुष्यभर विसरत नाही. आत मात्र चकचकीत बिया असतात. त्यांतील लेव्होडोपा दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये मद्रासला वेगळा केला. तेव्हा या द्रव्याचा कंपवाताशी संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. तो १९६० च्या दशकात कळला. मग आयुर्वेदातील कपिकच्छूकडे, म्हणजे याच खाजकुयलीकडे, नव्याने पाहिले गेले. मुंबईच्या झंडू फार्मास्युटिकल्सने बीपासून एचपी-२०० हे चूर्ण तयार केले. कंपवाताच्या साठ रुग्णांवर बारा आठवडे घेतलेल्या त्याच्या चाचणीचा निकाल १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ही उणीव लंडनमधील २००४ च्या चाचणीने काही प्रमाणात भरून काढली. रुग्ण फक्त आठ होते, पण प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी खाजकुयलीचे चूर्ण आणि नेहमीची लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळी देण्यात आली, कोणत्या दिवशी काय दिले हे रुग्णाला व तपासणाऱ्याला न सांगता. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, गोळीचा सुमारे ६८ मिनिटांत. आणि चूर्णाचा परिणाम अधिक वेळ टिकला. आठ रुग्णांवरून उपचार बदलत नसतात. तरी प्रश्न स्पष्ट, मात्रा मोजलेली आणि तुलना प्रामाणिक, अशी चाचणी कशी असते याचा तो नमुना आहे.

जांभळाची गोष्ट दुसऱ्या बाजूने शिकवणारी आहे. ब्राझीलमध्ये मधुमेहासाठी जांभळाच्या पानांचा चहा घेतात. तेथील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत त्या चहाने रक्तातील साखर कमी झाली नाही. यावरून आठळी निरुपयोगी ठरत नाही, कारण ती तपासलीच गेली नव्हती. पण ‘जांभूळ मधुमेहावर चालते’ असे मोघम बोलणाऱ्याने कोणता भाग, कोणता अर्क आणि किती मात्रा हे सांगितल्याखेरीज त्याचे म्हणणे पुराव्यात धरता येणार नाही, एवढे नक्की ठरले. घाटातल्या दुकानांत मिळणाऱ्या आठळीच्या चूर्णाच्या पुड्यांना हेच लागू आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने भारतात गुन्हा आहे, आणि चालू औषध सोडून अशा चूर्णावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

मात्रा, अर्क आणि वनस्पतीचा भाग यांच्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक तपशील बहुतेक अहवालांत नसतो. तो म्हणजे ही माहिती कोणी दिली. कोणती बी कोणत्या दुखण्यावर, किती दाणे, कशात उगाळून, हे सांगणारी ठाकर आणि कातकरी वस्त्यांतील जाणती माणसे या संशोधनाची पहिली पायरी आहेत. जैवविविधता कायदा २००२ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. व्यापारी उपयोगासाठी वनस्पती नेताना या समित्यांचे म्हणणे आणि लाभातील वाटा विचारात घ्यावा लागतो. 

मावळात बिया गोळा करायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी म्हणून दोन गोष्टी कराव्यात. दाबलेल्या फांदीची एक प्रत पुण्याच्या संग्रहालयात जमा करावी. आणि परीक्षेचा निकाल, मग तो ‘गुण आढळला’ असो, ‘आढळला नाही’ असो की ‘ही बी विषारी आहे’ असा असो, ज्या गावातून बी आणली त्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत सोप्या मराठीत लिहून द्यावा.